जंत राहतो तिथला नमुना

लेकरू झोपेत दात खाते, जंत झालेत. गालावर पांढरे चट्टे उठले, जंत झालेत. जेवत नाही म्हणून जंत, आणि सारखे खा-खा करते म्हणूनही जंतच. पोट दुखते म्हटले की परवा गूळ जास्त खाल्ला होता ते आठवते आणि मेडिकलमधून एक गोळी येते. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत काय किंवा जालना शहरात काय, जंतांचे निदान बहुतेक वेळा घरातच होते, तेही चेहरा पाहून.

अंतरवाली सराटीचे नाव मराठा आरक्षणासाठीच्या 2023 च्या उपोषणामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले. पण रोजच्या जगण्यात हे मराठवाड्यातल्या इतर गावांसारखेच शेतीचे गाव आहे. गोदावरीच्या उत्तरेला, जालना जिल्ह्याच्या या दक्षिण पट्ट्यात ऊस, कापूस आणि मोसंबी ही ओळखीची पिके. रात्री पाण्याची पाळी आली की चिखलात पाय घालून दारे धरावे लागते. बाया दिवस-दिवस खुरपणीला मातीत बसतात, लेकरे अंगणात नाहीतर बांधावर खेळतात. मातीशी एवढा संबंध असलेल्या माणसाला जंतांचा विचार करावाच लागतो. तो नीट कसा करायचा, कोणती तपासणी कधी मागायची आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. जंत एका प्रकारचा नसतो. प्रत्येक प्रकाराचे शरीरातले ठिकाण वेगळे आणि अंडी बाहेर टाकण्याची जागा व वेळही वेगळी. ज्या जंताची शंका आहे तो राहतो तिथला नमुना, त्याच्या वेळेला घेतला, तरच तो सापडतो. भलत्या जागचा नमुना शहरातल्या मोठ्या लॅबला दिला तरी कागदावर ‘नॉर्मल’च येईल, आणि आजार आत तसाच राहील.

आधी घरगुती खुणांचे पाहू. झोपेत दात खाणे आणि जंत यांचा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही; पोटात एकही जंत नसलेली कितीतरी मुले दात खातात. गालावरचे फिकट, किंचित खरखरीत चट्टे बहुधा कोरड्या त्वचेचे असतात. मात्र अशा चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, टोचलेले समजत नसेल, तर जंतांची गोळी देत बसू नका; आशाताईंना दाखवा, कारण ती कुष्ठरोगाची सुरुवात असू शकते. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. पोटातले नेहमीचे जंत येतात ते अंडी तोंडात गेल्याने, किंवा अळी पायाच्या कातडीतून आत शिरल्याने, किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून. गूळ-साखरेत ती नसतात.

माती खाण्याची गोष्ट वेगळी आहे. अंगात लोह कमी झाले की माती, खडू, भिंतीचे पोपडे खावेसे वाटतात, आणि त्या मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. म्हणून माती खाणाऱ्या मुलाचे किंवा गरोदर बाईचे हिमोग्लोबिन आणि संडास, दोन्ही तपासून घ्यावे. एकच तपासले तर अर्धे दुखणे राहून जाते.

उलट बाजूही आहे. थोडे जंत असतील तर बहुतेक माणसांना काहीच होत नाही. मूल खेळते, शाळेत जाते, आणि आत जंत असतात. लक्षणांवरून ओळखता येत नाही म्हणूनच अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला तपासणी न करता सगळ्या मुलांना गोळी दिली जाते. 10 फेब्रुवारी 2015 ला ही मोहीम सुरू झाली. 1 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायला देतात. 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी, तीही चुरून. प्रत्येक मुलाची संडास तपासायची म्हटले तर गोळीपेक्षा तपासणीलाच कितीतरी जास्त खर्च यायचा, आणि गोळी सुरक्षित आहे. मला हा विचार पूर्ण पटतो. त्या दिवशी मूल आजारी नसेल तर गोळी चुकवू नका; आजारी असेल तर ताईंना सांगा, नंतर ठेवलेल्या दिवशी ती मिळते. मुलाला पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही गोळीआधीच सांगा. का, ते पुढे येईल.

पण गावभर गोळी वाटणे वेगळे आणि आजारी माणसाचे निदान वेगळे. महिनोन्महिने पोट दुखते, रक्त वाढत नाही, गुदद्वाराशी खाज थांबत नाही, अशा माणसाला ‘जंताची गोळी घेतली ना, झाले’ म्हणून परत पाठवता येत नाही. त्या एका मात्रेने गोलकृमी बहुधा जातात. चाबूककृमी पुष्कळदा टिकून राहतात, काही चपट्या कृमींना वेगळे औषध लागते, आणि काही जंत तर पोटात नसतातच.

डोळ्यांनी दिसणारा पुरावा

संडासातून किंवा उलटीतून जंत पडला तर लोक घाबरून त्यावर पाणी ओततात. तसे करू नका, तो पुरावा आहे. काडीने किंवा पिशवीत हात घालून उचला, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत थोड्या पाण्यात ठेवा आणि दवाखान्यात न्या. उघड्या हाताने धरू नका.

मोठा, गुळगुळीत, पांढुरका-गुलाबी, दोन्ही टोकांना निमुळता आणि वीतभर लांब असेल तर तो गोलकृमी. मादी 20 ते 35 सेंटिमीटरपर्यंत वाढते. पावसाळ्यात न्हाणीत सापडलेले गांडूळ पुष्कळांना जंत वाटते. गांडुळाच्या अंगावर कडी-कडी दिसतात, गोलकृमीवर तशी ठळक दिसत नाहीत. पांढऱ्या दोऱ्याचे बारीक, सेंटिमीटरभर तुकडे गुदद्वाराशी वळवळताना दिसले तर सुतकृमी. चपटे, पांढरे, भोपळ्याच्या बीसारखे तुकडे पडत असतील, कधी स्वतःच हलत असतील, तर ते चपट्या कृमीचे तुटलेले भाग. त्यांत अंडी भरलेली असतात, म्हणून हाताळताना जास्त जपा. भाजीचे धागे, टोमॅटोचे साल, शेंबडासारखी आव हेही जंत म्हणून आणले जाते. उघड्यावर पडून राहिलेल्या संडासात माशीच्या अळ्याही होतात; त्या माणसाच्या पोटातल्या नसतात. तरी शंका असेल तर घेऊन जा. तंत्रज्ञाला पाहू द्या.

अंकुशकृमी मात्र डोळ्यांना दिसेल अशी वाट पाहू नका. तो जेमतेम सेंटिमीटरभर असतो, आतड्याला तोंड रोवून बसतो आणि सहसा बाहेर पडत नाही. त्याची फक्त अंडी बाहेर येतात.

संडासचा नमुना

जंतांच्या निदानातली मुख्य तपासणी अजूनही हीच आहे, आणि सगळ्यात जास्त बिघडते तीही हीच. बिघाड बहुधा लॅबमध्ये होत नाही, तिथे पोचण्याआधी होतो.

दवाखान्यातून रुंद तोंडाची, झाकणाची डबी मागून घ्या. मिळाली नाही तर धुऊन पूर्ण वाळवलेली प्लास्टिकची डबी चालेल. जुन्या सवयीने काडेपेटीत किंवा कागदाच्या पुडीत नमुना आणू नका. तो वाळतो, आणि वाळलेल्या नमुन्यात फारसे काही ओळखता येत नाही. औषधाच्या बाटलीत तळाशी राहिलेले औषधही नमुना खराब करते. परसाकडे जाताना कोरडा कागद किंवा प्लास्टिक पसरा आणि त्यावर बसा. जमिनीवरून नमुना उचलला तर त्यात मातीतल्या साध्या अळ्या येतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या जंतांच्या अळ्यांसारख्या दिसतात आणि निदान चुकते. लघवी आणि पाणी मिसळू देऊ नका. लाकडी काडीने मोठ्या बोराएवढा भाग घ्या. आव किंवा रक्त दिसत असेल तर तो भाग आवर्जून घ्या. पातळ असेल तर दोन-तीन चमचे पुरे.

डबीवर नाव, तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहायला लोक कंटाळतात, पण तंत्रज्ञाला तीच सगळ्यात जास्त हवी असते. नमुना त्याच सकाळी, शक्यतो दोन तासांत पोचवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दुपारपर्यंत राहिलेली डबी निरुपयोगी होते. अंकुशकृमीची अंडी तर दिवस-दीड दिवस उबेत राहिली की फुटतात आणि अळ्या बाहेर येतात. मग तंत्रज्ञाला अंड्यांऐवजी अळ्या दिसतात, त्या दुसऱ्याच जंताच्या वाटू शकतात, आणि कागदावर भलतेच नाव येते. उशीर होणारच असेल तर डबी थंड सावलीत ठेवा. त्याआधीच्या आठवड्यात एरंडेल, पॅराफिनसारखी तेलकट जुलाबाची औषधे घेऊ नका, आणि ॲसिडिटीची औषधे किंवा प्रतिजैविके चालू असतील तर तसे सांगा. डॉक्टरांनी दिलेली औषधे मात्र स्वतःहून बंद करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. एकदा ‘काही आढळले नाही’ असे आले की जंत नाहीत, असे समजू नका. काचपट्टीवर मिठाच्या द्रावणात किंवा आयोडीनमध्ये मिसळून पाहिला जाणारा नमुना जेमतेम 2 मिलिग्रॅमचा असतो. गोलकृमीची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, म्हणून ती एवढ्याशा भागातही सापडतात. अंकुशकृमीची आणि चाबूककृमीची अंडी त्या मानाने फार कमी असतात, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेलीही नसतात. आज नसतील, परवा असतील. म्हणून शंका पक्की असेल तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. एकाच दिवसाचे तीन भाग करून दिले तर तसा उपयोग होत नाही. डॉक्टरांना विचारून ‘कॉन्सन्ट्रेशन’ पद्धतीने तपासणीही मागता येते. त्यात जास्त नमुना गाळून, फिरवून, त्यातली अंडी एकत्र केली जातात. सर्वेक्षणांत वापरली जाणारी कॅटो-कॅट्झ पद्धत अंडी मोजते. तिच्या साच्यात 41.7 मिलिग्रॅम नमुना मावतो, म्हणून दिसलेल्या अंड्यांना 24 ने गुणले की एका ग्रॅममधली संख्या मिळते. जंत आहेत एवढेच नाही, किती आहेत हेही त्यातून कळते.

जंत नुकताच शिरला असेल तर तीन नमुनेही कोरेच येतील. गोलकृमीचे अंडे गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात. मधल्या काळात तिच्या अळ्या रक्तातून फुप्फुसात जातात आणि तिथून वर येऊन पुन्हा गिळल्या जातात. त्या दिवसांत कोरडा खोकला, धाप, थोडा ताप येतो. सर्दी-खोकल्याची औषधे चालू असतात आणि संडासात काहीच नसते. अशा वेळी रक्तातल्या इओसिनोफिल या पेशी वाढलेल्या दिसतात. पण दमा, ॲलर्जी आणि काही औषधांनीही त्या वाढतात. इओसिनोफिल वाढल्या म्हणजे जंतच, असा निष्कर्ष काढून पुन्हा-पुन्हा गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. ती पेशी फक्त ‘शोधा’ एवढेच सांगते.

रक्त वाढत नाही तेव्हा

खुरपणी, ऊसतोड, मोसंबीच्या बागेतले काम करणाऱ्या बाईला धाप लागते, चालताना गोळे येतात, डोळे पांढरे पडतात. हिमोग्लोबिन 8 वर आलेले असते, लोहाच्या गोळ्या चालू होतात. महिनाभर त्या रोज नीट घेऊनही हिमोग्लोबिन 1 ग्रॅमसुद्धा वाढले नाही, तर गोळीचा रंग बदलत बसू नका. रक्त कुठून जाते आहे ते शोधायला हवे. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, हे पहिले विचारायचे. त्याच वेळी अंकुशकृमीसाठी संडास तपासायची.

अंकुशकृमीची अळी सावलीच्या, ओलसर, भुसभुशीत मातीत तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तळव्याला किंवा बोटांमध्ये बारीक लाल पुटकुळ्या उठून खूप खाज सुटते. लोक त्याला चिखल्या समजतात, आणि पुष्कळदा त्या चिखल्याच असतात. पण शेतातून आल्यावर अशी खाज आणि पुढच्या महिन्यांत अशक्तपणा, अशी साखळी असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. ॲन्किलोस्टोमा जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला सुमारे 0.15 ते 0.2 मिलिलिटर रक्त घालवतो. शंभर असतील तर रोज तीन-चार चमचे. दुसरी जात, नेकॅटर, याच्या पाचव्या हिश्शाएवढेच घालवते. वर्षभर असे चालले तर साधे जेवण आणि लोहाची गोळी ही गळती भरून काढू शकत नाही.

गरोदर बाईने जंताची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. त्यानंतर द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतात. तपासणी मात्र कधीही करता येते.

रात्रीची खाज आणि चिकटपट्टी

सुतकृमीचे निदान संडास तपासून करायला जाल तर फसाल. मादी अंडी आतड्यात घालत नाही; रात्री मूल झोपले की गुदद्वाराबाहेर येऊन आजूबाजूच्या कातडीवर घालते. संडासच्या तपासणीत ती शंभरातल्या 5 ते 15 जणांतच सापडतात. यासाठी लागते दुकानात मिळणारी पारदर्शक चिकटपट्टी.

सकाळी मूल उठल्याबरोबर, धुण्याआधी आणि परसाकडे जाण्याआधी, चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबा आणि काढून काचपट्टीवर चिकटवा. काचपट्टी दवाखान्यातून आदल्या दिवशीच मागून घ्या. पट्टी धूसर नको, आरपार दिसणारी हवी. असे ओळीने तीन सकाळी करा. एका वेळी निम्म्याच मुलांत अंडी सापडतात. तीन वेळा केले तर हे प्रमाण नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून पाहिले तर कधी पांढरे जंत वळवळताना प्रत्यक्षच दिसतात. हात साबणाने धुवा. अंडी नखात अडकतात आणि तिथूनच पुन्हा तोंडात जातात. एका मुलाला सापडले की घरातल्या सगळ्यांना औषध आणि दोन आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा, असे डॉक्टर सहसा सांगतात. मुलींच्या पुढच्या भागात खाज, लघवीला जळजळ, वारंवार अंथरूण ओले होणे, यामागेही कधी सुतकृमी असतो. ही साधी तपासणी सांगितली जात नाही याचे मला फार वाईट वाटते. तिला खर्च नाही की यंत्र नाही, आणि तिच्यावाचून मुले वर्षानुवर्षे खाजवत राहतात.

संडासात कधीच न सापडणारे

धडधाकट तरुणाला अचानक फिट येते. घरात कुणाला फिट नाही. बाहेरचे काहीतरी म्हणून दोन-चार ठिकाणी नेले जाते. आपल्या देशात अशा फिटमागचे एक मोठे कारण म्हणजे डुकराच्या चपट्या कृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन बसणे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसे होईल?’ हा प्रश्न हमखास येतो. होऊ शकते. हा आजार मांसातून होत नाही. तो जंत पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी कच्च्या भाजीतून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातातून आपल्या तोंडात गेली की होतो. संडास तपासणी पुष्कळदा कोरी येते. निदान मेंदूच्या सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर होते. आणि इथेच सांभाळायचे. मेंदूत अळ्या असताना जंताचे औषध मनाने घेतले तर त्या मरताना सूज येते आणि फिट वाढू शकते. म्हणून फिट आलेल्या माणसाने आधी डॉक्टर, आधी स्कॅन, मग औषध, हाच क्रम ठेवावा.

मेंढ्या, शेळ्या आणि कुत्री यांचा रोजचा सहवास असलेल्या घरात यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढू शकते. तिला हायडॅटिड सिस्ट म्हणतात. या जंताचा पूर्ण वाढलेला किडा कुत्र्याच्या आतड्यात राहतो; माणसात फक्त गाठ होते. त्यामुळे माणसाच्या संडासात त्याचे अंडे सापडूच शकत नाही. सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे आणि गरजेप्रमाणे रक्तातली प्रतिपिंडे पाहून निदान होते. जनावरांचा सहवास आहे हे सोनोग्राफीआधीच सांगा. अशी गाठ पुरेशा तयारीशिवाय सुई घालून तपासली आणि आतले पाणी पोटात सांडले तर जीव धोक्यात येतो.

हत्तीरोगाचे जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि त्यांची पिले रात्री रक्तात येतात. विदर्भातल्या नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आरोग्य कर्मचारी रात्री दहानंतर घरोघर रक्त घ्यायला जातात ते यासाठी. दिवसा काढलेल्या रक्ताच्या काचपट्टीवर ती बहुधा दिसत नाहीत. त्या भागात राहून आलेल्या माणसाला पायाची, अंडाची सूज किंवा वारंवार जांघेत गाठ येऊन ताप असेल तर ‘तिकडे किती वर्षे होतो’ हे आधी सांगावे. दिवसाही करता येणारी झटपट चाचणी आता आहे, तिच्याबद्दल विचारावे.

नमुना कुठला घ्यायचा यावर सगळे कसे अवलंबून असते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. शिस्टोसोमा हा रक्तात राहणारा जंत भारतात नसल्यासारखाच मानला जाई. 1952 साली गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचा स्थानिक प्रादुर्भाव दाखवून दिला. हा प्रकार मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत राहतो आणि त्याची अंडी लघवीतून पडतात. गावकऱ्यांची संडास कितीही वेळा तपासली असती तरी हाती काही लागले नसते. आखाती देशांत किंवा आफ्रिकेत कामाला जाऊन आलेल्या माणसाला लघवीतून रक्त पडत असेल तर ही शंका आजही घ्यावी. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतली लघवी त्यासाठी सर्वांत चांगली.

वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून बाहेर येणारा तो लांब दोरा पाहून गावातले कुणीही निदान करी. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज कातडीतून दोऱ्यासारखे काही बाहेर येताना दिसले तर ओढू नका, लगेच आरोग्य केंद्रात दाखवा.

आणखी एक जंत, स्ट्रॉन्जिलॉइडिस, फारसा कुणाला माहीत नाही. तो माणसाच्या शरीरात स्वतःची पैदास चालू ठेवू शकतो, म्हणून वीस-तीस वर्षे राहतो. संडासात त्याची अंडी नाही, अळ्या दिसतात, त्याही क्वचित. एरवी तो गप्प असतो. पण दमा, सांधेदुखी किंवा दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड सुरू झाले की तो सगळ्या अंगात पसरून जीवघेणा होऊ शकतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हे विसरू नका. आयुष्यभर अनवाणी शेती केलेल्या माणसाला लांब मुदतीचे स्टिरॉइड द्यायचे असेल तर ‘आधी जंत पाहायचे का?’ असे विचारण्यात संकोच नको.

कुठे जायचे आणि कागद कसा वाचायचा

सुरुवात आशाताई आणि उपकेंद्रापासून करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळेत संडास आणि हिमोग्लोबिनची साधी तपासणी होते. सकाळी लवकर गेलेले बरे. पुढे अंबडचे सरकारी रुग्णालय, जालन्याचे जिल्हा रुग्णालय, आणि स्कॅन किंवा शस्त्रक्रियेची वेळ आली तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय, म्हणजे आपले घाटी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, तिथले नियम वेगळे, तेव्हा खिडकीवर विचारून घ्या. पोट फुगले, संडास आणि वारा बंद झाला, उलट्या होतात, उजव्या बरगडीखाली असह्य कळ आणि कावीळ, मुलाचे आतडे गुदद्वारातून बाहेर येते, बसल्या जागी धाप लागते, फिट आली, यांपैकी काहीही असेल तर डबीच्या मागे न लागता थेट मोठ्या रुग्णालयात जा.

अहवालावर ‘ओव्हा’ आणि ‘सिस्ट’ असे दोन शब्द असतात. ओव्हा म्हणजे जंतांची अंडी. सिस्ट म्हणजे अमिबा, जिआर्डिया यांसारख्या सूक्ष्म परजीवींची कोषावस्था. ते जंत नव्हेत आणि त्यांचे औषधही बहुधा वेगळे. आवेसाठी जंताची गोळी आणि जंतांसाठी आवेची गोळी हा गोंधळ याच दोन ओळींतून होतो. ‘ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह’ म्हणजे डोळ्यांना न दिसणारे रक्त. ते अंकुशकृमीचे असू शकते, पण अल्सरचे किंवा कर्करोगाचेही असू शकते, म्हणून चाळिशीच्या पुढच्या माणसाने तिथे थांबू नये. खासगी पॅकेजमध्ये आयजीई ही चाचणी जंतांसाठी म्हणून गळ्यात मारली जाते. ती वाढलेली असेल तरी कोणता जंत हे सांगत नाही. पैसे वाचवायचे असतील तर तेच तीन दिवसांच्या तीन नमुन्यांवर खर्च करा.

अहवालात जंताचे नाव आले की ते वहीत लिहून ठेवा आणि औषध झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या. तेव्हाही अंडी दिसली तर औषध पुरले नाही, किंवा घरातून, शेतातून जंत पुन्हा आले, हे डॉक्टरांना ठरवता येईल. चपट्या कृमीचे तुकडे पडत होते त्यांनी मात्र औषधानंतर तीन महिन्यांनीही एकदा तपासावे. डोके आत राहिले असेल तर तेवढ्या अवधीत तो पुन्हा वाढतो आणि तुकडे पुन्हा पडू लागतात.